फोनमधलं यंत्र मराठी शिकलं कोणाकडून?

हाताशी काम असेल तर ते चालू ठेवा, कान तेवढे इकडे असू द्या.

गटांच्या बैठकांना आम्ही गावोगाव जातो तेव्हा हिशेबाची वही, हप्ता, व्याज, बँकेचं कर्ज हे विषय असतातच. अलीकडे बैठक संपली की सतरंजी गुंडाळता गुंडाळता एक नवा विषय निघतो. कोणाच्या तरी सुनेच्या फोनमध्ये मराठीत बोललं की मराठीतच उत्तर देणारं काहीतरी आलेलं असतं. मग सगळ्या जणी एकेक प्रश्न विचारून पाहतात. सोन्याचा भाव काय, संत्र्याची फळगळ थांबवायला काय करावं, लेकीच्या नावानं कोणती योजना आहे. एका गावात सत्तरीतल्या एका आजीनं ते सगळं शांतपणे ऐकलं आणि शेवटी विचारलं, "हे सारं ठीक हाय जी, पण थ्याले मराठी शिकवली कोनं?"

आजचं आमचं बोलणं या आजींच्या प्रश्नावर आहे.

एआय म्हणजे आर्टिफिशियल इंटेलिजन्स, मराठीत कृत्रिम बुद्धिमत्ता. आपण बोललो ते यंत्राला कळावं म्हणून आधी त्याला माणसांचं बोलणं ऐकवावं लागतं. दहा-वीस वाक्यं नाहीत, शेकडो, हजारो तासांचं बोलणं. आणि प्रत्येक वाक्यासोबत ते वाक्य लिहूनही द्यावं लागतं. लेकराला बोट दाखवून आपण "ही गाय, हे वासरू" सांगतो, तसंच. इंग्रजीत असे आवाज आणि असा मजकूर ढिगानं पडून होता. मराठी 2011 च्या जनगणनेत 8 कोटींहून जास्त लोकांची मातृभाषा होती, पण यंत्राला ऐकवायला मराठी आवाज फार थोडे होते. जे होते तेही बहुतेक शहरातल्या, कॉलेजात शिकलेल्या लोकांचे.

मग काही संशोधकांनी एक प्रयोग केला. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या बंगळुरूच्या संशोधन केंद्रातली ही मंडळी आणि त्यांचे सोबती. भाषा त्यांनी निवडली आपली मराठी. बोलणाऱ्यांचे तीन गट केले: खेड्यातली कमी कमाईची माणसं, शहरातली कमी कमाईची माणसं, आणि विद्यापीठातले विद्यार्थी. फोनवर वाक्य यायचं, ते वाचून आवाज भरायचा. 36 लोकांनी मिळून 109 तासांचं मराठी बोलणं भरून दिलं. 2020 साली त्यांनी निकाल छापला, आणि तो आपल्या कामाचा आहे. असं काम एरवी विद्यार्थ्यांकडून करून घेतात. पण खेड्यातल्या आणि वस्तीतल्या माणसांनी भरलेले आवाज विद्यार्थ्यांच्या आवाजांच्या तोडीस तोड निघाले.

म्हणजे आजी, तुमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर असं, की त्याला मराठी शिकवणाऱ्यांत आपल्यासारखी खेड्यातली माणसंही आहेत.

याच कामातून पुढे 2021 साली 'कार्या' नावाची संस्था उभी राहिली. ती खेड्यातल्या लोकांकडून त्यांच्या भाषेत वाक्यं बोलून घेते आणि तासाला साधारण 5 डॉलर, म्हणजे चारशे रुपयांच्या आसपास मोबदला देते. तोच आवाजांचा साठा पुढे आणखी कोणाला विकला गेला, तर त्यातलाही वाटा बोलणाऱ्याला देण्याचं त्यांचं धोरण आहे. कर्नाटकात कन्नड बोलणाऱ्या खेड्यातल्या बायकांनी हे काम केलं आहे. दिवसभर निंदणाला जाऊन आपल्या हातात काय पडतं ते तुम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे हा आकडा आम्ही मुद्दाम सांगितला. हे काम उद्याच आपल्या गावात येईल असं आम्ही म्हणत नाही, आणि कायमचं पोट भरेल असंही नाही. पण बोलणं हे सुद्धा मजुरीचं काम आहे, त्याला दर असतो, हे कळलेलं बरं.

सरकारनंही या कामाला हात घातला. जुलै 2022 मध्ये 'भाषिणी' सुरू झाली. देशातल्या भाषा यंत्राला कळाव्यात आणि एका भाषेतलं दुसऱ्या भाषेत जावं म्हणून ही व्यवस्था आहे. त्यात लोकांनी आपला आवाज द्यावा म्हणून 'भाषादान' नावाचा भाग आहे. उद्देश चांगला आहे, पण दान हा शब्द आम्हाला जरा टोचतो. बाईच्या कामाला सेवा, दान, हातभार अशी नावं पटकन मिळतात आणि पैसे मागं राहतात. ज्याला द्यायचं त्यानं खुशीनं द्यावं. पण त्या साठ्यावर उद्या कोणी धंदा करणार असेल, तर विचारायला काय हरकत आहे?

आता पुढची गोष्ट. आवाज ओळखणं झालं, पण उत्तर कुठून येतं? आत कोणी बसलेलं नाही, हे आता बहुतेकींना कळलं आहे. पण मग होतं काय?

आपल्या गटाची इतिवृत्ताची वही आठवा. अध्यक्ष "मागील सभेचे इतिवृत्त" एवढं म्हणाल्या की सचिवबाईचा हात आपोआप पुढे लिहितो, "वाचून कायम करण्यात आले." शंभर वेळा लिहिलेलं वाक्य आहे, अर्धं ऐकलं की उरलेलं येतंच. हे यंत्र असंच चालतं. त्यानं जगभरातला अफाट मजकूर वाचलेला आहे. आपण प्रश्न विचारला की कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, याचा हिशेब करत ते एकेक शब्द पुढे ठेवत जातं. वाक्य सुरेख होतं, बहुतेक वेळा खरंही निघतं. पण खरं सांगा, आपल्या वह्यांमध्ये "वाचून कायम करण्यात आले" असं लिहिलेल्या किती सभांमध्ये इतिवृत्त खरंच वाचलेलं असतं? वाक्य बरोबर, भाषा बरोबर, आणि घडलेलं काहीच नाही! यंत्रही अगदी तसंच चुकतं. नसलेली योजना, नसलेला आकडा ते इतक्या ठामपणे सांगतं की ऐकणारीला शंकाच येत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे याच्याशी काम पडणार आहे.

एकेका शब्दासाठी एवढा हिशेब करायचा म्हणजे हिशेब करणारं यंत्र किती मोठं लागत असेल? ते आपल्या फोनमध्ये मावत नाही. फोन फक्त आपला प्रश्न पाठवतो. हिशेब होतो दूर कुठेतरी, फ्रिजएवढ्या कपाटांच्या रांगा असलेल्या मोठ्या इमारतीत. त्याला डेटा सेंटर म्हणतात. आणि त्या यंत्रांची युक्ती आपल्याला समजावून सांगायची गरजच नाही, आपण ती दर दिवाळीच्या सुमारास वावरात करतो.

पाच एकर पऱ्हाटी फुटली आहे. एक बाई कितीही चपळ असली तरी तिला वेचायला किती दिवस लागतील? पण चाळीस बायका आणल्या, एकेकीला एकेक तास दिला, सगळ्या एकदम लागल्या, की वेचाई दोन दिवसांत उरकते. एकही बाई जास्त वेगानं वेचत नाही. काम वाटलेलं आहे आणि एकाच वेळी चाललेलं आहे, एवढंच. जगातले सगळे मोठे संगणक आज याच रीतीनं चालतात.

आणि आपल्या देशात ही रीत घेऊन पहिला महासंगणक बांधणारा माणूस आपल्या वऱ्हाडातला. डॉ. विजय भटकर. जन्म 1946 चा, गाव मुरंबा, तालुका मूर्तिजापूर, जिल्हा अकोला. आपल्यातल्या मोठ्या जणींना अचलपूरची शकुंतला गाडी आठवत असेल. ती छोटी रेल्वे इथून सुटायची आणि मूर्तिजापूरला जाऊन पोचायची, त्याच मूर्तिजापूरचा हा तालुका. नागपूरला इंजिनीअर झाले, पुढे बडोदा आणि दिल्लीला शिकले.

1980 च्या दशकात भारताला हवामानासाठी आणि संशोधनासाठी मोठे महासंगणक हवे होते. ते बनत होते अमेरिकेत. हवा तेवढा ताकदीचा संगणक द्यायला अमेरिकेनं नकार दिला. तेव्हा 1988 साली पुण्यात सी-डॅक ही सरकारी संस्था उभी केली आणि भटकरांना तिचं काम सोपवलं. तीन वर्षांत, 1991 साली 'परम 8000' तयार झाला. एकच प्रचंड ताकदीचा मेंदू बनवण्याच्या नादी न लागता त्यांनी 64 लहान मेंदू एकत्र जोडले आणि काम वाटून दिलं. आपण वेचाईला बायका लावतो तसंच. याच सी-डॅकनं भारतीय लिप्या संगणकावर उमटवण्याचंही मोठं काम केलं. आज आपण फोनवर मराठी अक्षरं सहज पाहतो, पण एके काळी संगणकाला आपलं 'क' सुद्धा माहीत नव्हतं.

आजचे एआयचे संगणक त्याच वाटेनं खूप पुढे गेले आहेत. त्यात जे मुख्य अवजार असतं त्याला जीपीयू म्हणतात. मुळात हे बनलं पोरांच्या व्हिडिओ गेमसाठी. पडद्यावरच्या लाखो ठिपक्यांचे रंग एकाच वेळी ठरवायचे तर हजारो छोटे हिशेबनीस एकदम कामाला लागले पाहिजेत. पुढे 2012 च्या सुमारास लक्षात आलं की यंत्राला शिकवायलाही हेच अवजार उत्तम. तिथून गाडी सुटली ती सुटलीच. एनव्हिडिया या अमेरिकी कंपनीनं 2022 साली आणलेली एच100 नावाची चिप घ्या. चिप आगपेटीपेक्षा लहान आणि तिच्यात 8,000 कोटी बारीक बारीक बटणं. बटण चालू किंवा बंद, त्यावर सगळा हिशेब. एका चिपची किंमत लाखांत. अशा हजारो चिपा एकत्र जोडतात तेव्हा मोठं एआय शिकून तयार होतं.

आराखडा अमेरिकेचा, चिप बनते तैवानमध्ये, आणि ती बनवायचं यंत्र येतं नेदरलँड्समधून. जगात हे काम येणारी ठिकाणं हाताच्या बोटांवर मोजता येतील, म्हणून देशादेशांत याच्यावरून ओढाताण आहे. 2022 पासून अमेरिकेनं आपल्या उत्तम चिपा चीनला विकण्यावर बंधनं घातली. भटकरांच्या वेळी आपल्याबरोबर झालं तेच पुन्हा, फक्त देश वेगळा. तर 2025 च्या जानेवारीत डीपसीक नावाच्या चिनी कंपनीनं असं एआय आणलं, जे कमी खर्चात आणि कमी ताकदीच्या चिपांवर शिकवल्याचं तिनं सांगितलं, आणि सगळं जग चकित झालं. अडवलं की माणूस वाट काढतो, हे आपल्याला कोणी वेगळं सांगायला नको.

आपल्या देशानं मार्च 2024 मध्ये 10,300 कोटींहून जास्त रकमेचं इंडियाएआय मिशन मंजूर केलं. त्यातून 38,000 च्या आसपास जीपीयू उपलब्ध करून दिले आहेत. संशोधक, विद्यार्थी, छोट्या कंपन्या यांना ते तासाला साधारण 65 रुपये भाड्यानं मिळतात. प्रत्येकानं ट्रॅक्टर विकत घ्यायचा नाही, अवजार बँकेतून तासावर घ्यायचा, अशीच ही व्यवस्था. यंत्रं खासगी कंपन्यांची, भाड्यात सूट सरकारची. आपल्या महाराष्ट्रात आयआयटी मुंबईच्या पुढाकारानं 'भारतजेन' नावाचं भारतीय भाषांचं एआय तयार होतंय, मराठी त्यात आहे.

वीज आणि पाण्याचं मात्र बोललं पाहिजे. ती एच100 चिप जोरात चालली की 700 वॅट वीज खाते, म्हणजे आपल्या घरच्या मिक्सरएवढी. पण मिक्सर आपण चटणीपुरता दोन मिनिटं लावतो, ही चोवीस तास चालते, आणि अशा हजारो. शिवाय त्या तापतात, त्यांना थंड ठेवायला आणखी वीज आणि बऱ्याच ठिकाणी पाणी लागतं. मुंबई-नवी मुंबई हे देशातलं डेटा सेंटरचं सर्वांत मोठं ठाणं आहे. आपल्याकडे ओलिताला रात्री लाइन येते म्हणून घरचा माणूस अंधारात, साप-विंचवात वावरात जातो. तेव्हा कोणाला कधी किती वीज, हा प्रश्न आपणही विचारायचा आहे. तो फक्त इंजिनीअर लोकांचा नाही.

बरं, एवढा खटाटोप करून आपल्या पदरात काय? आम्ही दोन गोष्टी सांगतो.

पहिली पावसाची. मृगाचा पहिला पाऊस आला की पेरायचं की थांबायचं, हा जुगार दरवर्षी घरोघरी चालतो. पाऊस दडी मारून बसला की दुबार पेरणी. आणि दुबार पेरणी म्हणजे गटातून दुसरं कर्ज, हे वह्या तपासणाऱ्या आमच्यापेक्षा कोणाला जास्त माहीत? 2025 च्या खरिपात केंद्राच्या कृषी मंत्रालयानं 13 राज्यांतल्या सुमारे 3 कोटी 80 लाख शेतकऱ्यांना एआयनं काढलेला मान्सूनचा अंदाज मोबाइलवर संदेशानं पाठवला, काही ठिकाणी तर पाऊस येण्याच्या चार आठवडे आधी. त्या वर्षी मान्सून मध्येच सुमारे वीस दिवस अडकला, तेही त्या अंदाजात आलेलं होतं. यातली गंमत अशी की हवामानासाठी पूर्वी महासंगणकच लागायचा. एआयला शिकवताना अजूनही मोठी यंत्रं लागतात, पण एकदा शिकून तयार झालं की अंदाज काढायला लहान संगणक पुरतो. अंदाज हा अंदाजच, तो चुकतोही. तरी बियाण्याची थैली फोडण्याआधी तो संदेश घरात वाचला जातो का, आणि वाचला तर तुम्हाला सांगितला जातो का, हे विचारून ठेवा. फोन बहुतेक मालकाच्या खिशात असतो.

दुसरी गोष्ट गुलाबी बोंडअळीची. आपण वावरात कामगंध सापळे लावतो. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की फवारणीची वेळ आली, असा कृषी शास्त्रज्ञांचा नियम आहे. पण पतंग मोजणार कोण, आणि तो बोंडअळीचाच की दुसरा, हे ओळखणार कोण? मुंबईच्या वाधवानी एआय या संस्थेनं असं साधन केलं की सापळ्यातल्या पतंगांचा फोनवर फोटो काढायचा, मोजणी यंत्र करतं. त्यांनी हे एआय इतकं लहान केलं की ते साध्या फोनमध्येच बसतं आणि वावरात नेटवर्क नसलं तरी चालतं. आपल्या नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं तर सापळ्यालाच कॅमेरा बसवला आहे. सापळा स्वतःच फोटो काढून शेतकऱ्याच्या फोनवर धाडतो. मोठमोठ्या इमारतीतल्या एआयपेक्षा आम्हाला हे धुऱ्यावरचं छोटं एआय जास्त आवडलं. एकच काम करतं, पण नेमकं करतं.

आणि आता अडचणी. आपलं वऱ्हाडी बोलणं.

गटातल्या बाया फोनशी बोलल्या तेव्हा आम्ही बाजूला बसून पाहिलं आहे. शाळेत शिकलेली सून पुस्तकातल्या मराठीत विचारते, तिला चटकन उत्तर मिळतं. सासू विचारते, "पऱ्हाटीचे पानं लाल होऊन राह्यले, काय करू?" तर कधी त्याला पऱ्हाटी कळत नाही, कधी ते भलत्याच पिकाचं सांगतं. 'उलंगवाडी' म्हटलं की ते गावाचं नाव समजतं. आपल्याकडे बाई "मी आली, मी गेली" म्हणते. यंत्र लिहिताना त्याचं "ती आली, ती गेली" करून टाकतं. अर्जात असं झालं तर अर्ज कोणाचा, हेच बदललं ना! आणि आपण बाई म्हणून विचारलं तरी उत्तर बरेचदा "शेतकरी बंधूंनो" असंच सुरू होतं. कारण त्यानं वाचलेल्या मजकुरात शेतकरी हा बंधूच आहे.

वर मेळघाटात तर अवस्था आणखी बिकट. आमच्या भागातल्या कोरकू बहिणी घरात कोरकू बोलतात. ती मराठीची बोली नाही, वेगळ्याच घराण्याची भाषा आहे. 'भाषिणी'चा भर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांवर, त्यात कोरकू नाही. सप्टेंबर 2025 मध्ये आदिवासी भाषांसाठी 'आदि वाणी' ॲप आलं, त्यात सुरुवातीला संथाळी, भिली, मुंडारी आणि गोंडी. कोरकूचा नंबर तेव्हा लागला नाही. बाळंतपणाची, कुपोषणाची माहिती जिला सर्वांत आधी तिच्या भाषेत पाहिजे, तिच्याकडे हे यंत्र सर्वांत शेवटी पोचणार, असं दिसतं.

यावर एक चांगला प्रयत्न चालू आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेनं गूगलच्या साथीनं 'वाणी' नावाचा प्रकल्प काढला. त्यात जिल्ह्याजिल्ह्यातल्या लोकांना एखादं चित्र दाखवतात आणि त्यावर आपल्या रोजच्या भाषेत बोला म्हणतात. छापील वाक्य वाचायचं नाही. छापील वाक्य वाचायला दिलं की आपण सगळ्या जणी शाळेतल्या बाईंसमोर उभ्या राहिल्यासारख्या बोलतो. चित्र पाहून बोललं की 'पऱ्हाटी', 'कुटार', 'धुरा' आपोआप येतात.

चुकण्याचंही सांगतो, कारण त्यात जीव जाऊ शकतो. एका गावात दोघी जणींनी एकाच दिवशी, एकाच ॲपला, एकाच किडीसाठी औषधाचं प्रमाण विचारलं. दोघींना वेगवेगळं उत्तर आलं. एकीला लिटरच्या हिशेबानं, दुसरीला एकराच्या हिशेबानं, आणि दोन्हींचा मेळ बसेना. आपण तर पंपाच्या हिशेबानं टाकतो. त्यातही पंप कोणाचा 15 लिटरचा, कोणाचा 20 चा. 2017 साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर गेले. ते दुखणं आपल्या वऱ्हाडात कोणी विसरलेलं नाही. त्या मरणांचा एआयशी संबंध नव्हता. पण औषधाच्या बाबतीत चुकीला जागा नसते, हे त्यातून कळतं.

म्हणून आमच्या प्रभागातल्या गटांनी ठराव करून ठेवला आहे. औषधाचं प्रमाण डब्यावरच्या चिठ्ठीवर वाचायचं आणि कृषी सहायकाला विचारायचं. तापाचं, बाळंतिणीचं, लेकराच्या गोळीचं आशाताईला. कर्जाचं आणि योजनेचं बँक सखीला. यंत्राला विचारायला मनाई नाही. उलट अर्जाचा कच्चा मसुदा करायला, लोणच्या-पापडाच्या पाकिटावर काय छापावं ते सुचवायला, पोरीला गणित समजावून सांगायला ते फार कामाचं आहे. राज्याच्या कृषी विभागाचं 'महाविस्तार' ॲप मे 2025 पासून आहे, त्यात मराठीत विचारता येतं. विचारा जरूर. फक्त ज्या उत्तरानं पैसा जातो किंवा जीव जातो, ते उत्तर माणसाकडून पक्कं करून घ्यायचं.

आवाजाचं आणखी एक. थोडासा आवाज मिळाला तरी हुबेहूब तोच आवाज आता यंत्र काढू शकतं. मुलाच्या, भावाच्या आवाजात रडत फोन आला, "पैसे पाठव" म्हणाला, तर फोन ठेवा आणि त्याच्या नेहमीच्या नंबरवर आपण स्वतः लावा. ओटीपी कोणालाच नाही, आवाज कितीही ओळखीचा असो. काही घरांनी घरच्यांपुरता एक गुप्त शब्द ठरवला आहे. तो विचारायचा. आम्हाला ही युक्ती आवडली.

उद्या कोणी गावात येऊन म्हणालं, "ताई, आवाज भरून द्या, पैसे देतो," तर हाकलून देऊ नका आणि लगेच होही म्हणू नका. तासाला किती, पैसे थेट खात्यावर येणार का, आवाज कशासाठी वापरणार, पुढे दुसऱ्याला विकणार का, नंतर नको वाटलं तर काढून घेता येईल का, एवढं विचारा. देशात 2023 साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. त्या कायद्यात संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत मिळण्याची सोय आहे. म्हणजे कागद मराठीत मागता येतो. न वाचलेल्या इंग्रजी कागदावर अंगठा उमटवायचे दिवस गेले. गटाच्या बैठकीत कागद मोठ्यानं वाचून घ्यायचा, मग सही.

तोवर आपल्याला एक काम करता येईल, त्याला चिपही नको आणि वीजही नको. तीन गावांच्या गटांनी शब्दांची वही सुरू केली आहे. वावरातले शब्द, ढोरांचे, दुखण्याचे, स्वयंपाकाचे. शब्द, त्याचा अर्थ, आणि तो घालून केलेलं एक वाक्य, ज्या बाईनं सांगितलं तिच्या नावासकट. कोरकू बहिणींची वही वेगळी, मराठी अर्थासह. यंत्राला शिकवायला कोणी आलं तर वही आपल्या नावावर आहे, आणि कोणी नाही आलं तरी नातवंडांना उपयोगी पडेलच. पहिल्याच बैठकीत रोडगा आणि पानगा यांतला फरक लिहायला बसलो, तर अर्धा तास वाद चालला. एकीच्या मते पानात भाजतात तो पानगा, एवढं पुरे. दुसरी म्हणाली, पीठ कोणतं ते लिहिल्याशिवाय पुढं जायचं नाही. शेवटी दोन्ही लिहिलं.

तुमच्या गटाची वही येत्या मासिक बैठकीला सोबत आणा. शंभर पानी पुरे. पहिलं पान कोरं ठेवा, त्यावर ग्रामसंघाचा शिक्का घ्यायचा आहे.